वेळ काढायची कडवी

पाटोद्याच्या एसटी स्टँडवर मला वाटेला लावायला एवढी माणसं जमली होती की पुण्याच्या गाडीचा कंडक्टर खाली उतरून विचारू लागला, नवरी कुठं आहे म्हणून. नवरी कुठली आलीय? मीच होते. अंगात पंजाबी ड्रेस, गळ्यात पासपोर्टाची पिशवी, आणि पुण्यात आठवडाभर थांबून पुढं अमेरिकेला निघालेली. पण मुलगी एवढ्या लांब चालली आणि लग्न झालेलं नाही, हे आमच्या गल्लीच्या पचनी पडत नव्हतं. समोरच्या किराणा दुकानातल्या काकू तर ओटीचं सामान घेऊनच आल्या होत्या, आणि कुवार मुलीची ओटी भरायची तर ती कशाबद्दल, हे कुणालाच सांगता येईना. त्यांची लता तेव्हा बारावीत होती. ती माझी बॅग धरून उभी होती आणि सारखी विचारत होती, विमानात खिडकी उघडते का? शेवटी आई म्हणाली, "भरा वो. लेकरू लांब चाललंय, त्याला कारण कशाला पायजे." मग तांदूळ, नारळ, खण असं सगळं घेऊन मी गाडीत चढले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सगळ्यात शेवटी आले. आमचं भांड्याचं दुकान स्टँडच्या मागच्याच रस्त्याला, तरी त्यांना उशीर झाला, कारण गिऱ्हाईक आलं होतं. कपाळावर विभूती, टोपीवर पत्र्याचा बारीक कीस, आणि हातात स्टीलचा तांब्या. खिडकीतून त्यांनी तो माझ्या हातात दिला. दुकानातून जाणाऱ्या भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, 'सप्रेम भेट' असं सगळं असतं. माझ्या तांब्यावर नुसतं 'उमा' होतं. मी म्हटलं, आप्पा, तुमचं नाव राहिलं की. तर म्हणाले, "जागा न्हाई राहिली." अख्खा तांब्या मोकळा होता.

मग ते ड्रायव्हरकडं गेले. मला वाटलं, सावकाश चालवा वगैरे सांगत असतील. नंतर शिवानं, माझ्या धाकट्या भावानं, सांगितलं की त्यांनी एवढंच विचारलं, वाटंत पाणी कुठं कुठं मिळतं.

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहितेय. तुम्ही जे तिथंच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे 'येते हं' म्हणून उठलात आणि अजून येतच आहात. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले मजेत आहेत. गेलेल्यांना वाटतं, गाव सोडलं तसंच तिथं उभं आहे. आता ह्यात कुणाचं किती खरं ते मला माहीत नाही. मला लहानपणापासून एकच खोड, चौकशीची. आई म्हणायची, "ह्या पोरीला समद्याचं कावून पायजे." तर माणसं कविता कावून, म्हणजे कशासाठी, करतात, हा प्रश्न मला परदेशात जाऊन पडला, आणि त्याचं उत्तर आमच्याच गल्लीतून आलं.

आप्पांना कुणी कवी म्हटलं असतं तर त्यांनी आधी मागं वळून बघितलं असतं, कुणाला म्हणताहेत म्हणून. ते भांडी विकायचे. लग्नसराईत आसपासच्या खेड्यांतून टेम्पो भरून माणसं संसाराची भांडी घ्यायला यायची. हंडा, कळशी, परात, ताटं, वाट्या, आणि प्रत्येकावर नाव टाकायचं. आप्पा मशीन घेऊन बसायचे, सुई घुर्र करत भांड्यावरून फिरायची, आणि सोबत चौकशा चालायच्या. मुलगी कुठं दिली? पाणी किती लांब हाय? आमच्याकडं मुलगी देताना आधी हे विचारतात, जमीनजुमला नंतर. घरात तिला काय म्हणता? कुणाची लाडकी? शेजारपाजार कसा हाय? आणि पैसे देऊन निघताना नवरीचा बाप हमखास म्हणायचा, आप्पा, तेवढं मंगलाष्टकाचं बघा. परातीची ऑर्डर द्यावी तसं. आप्पा 'बरं' म्हणायचे आणि पुढच्या भांड्याला हात घालायचे.

मंगलाष्टकाचं त्यांचं काम ते मशीनवरच चालायचं. घुर्र आवाजात आवाज मिसळून गुणगुणायचे, अक्षर अडलं की मशीन थांबायचं. तीन ओळी त्या मुलीच्या आणि चौथी ओळ शेवटाची, तिच्यात अर्ध्यावर 'कुर्यात् सदा मंगलम्' ठरलेलं. त्या ठरलेल्याच्या आधी नवरीचं नाव यायलाच पाहिजे, असा त्यांचा नेम. "नाव न्हाई तर अक्षता कुणाला लागायच्या?" असं म्हणायचे. आणि नावात त्यांची चूक कधी झाली नाही. भांड्यावर चुकीचं नाव पडलं तर ते खोडता येत नाही, ती सवय असेल.

लग्नात त्यांची नजर नवरा-नवरीकडं नसायची, लग्न लावणाऱ्या स्वामींच्या हाताकडं असायची. मुहूर्ताला वेळ असला, किंवा मामा अजून पोचला नसला, की स्वामी पंजा हलवायचे. म्हणजे ओढा अजून. त्यासाठी आप्पांकडं वेगळी कडवी असायची, त्यांना ते 'वेळ काढायची' म्हणायचे. त्यात कुणाचं नाव नसायचं. डोंगर, नद्या, देवादिकांचे आशीर्वाद, असं कुणाच्याही लग्नात चालेल असं काहीबाही. ह्या कडव्यांबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. गिऱ्हाइकाला पिशवी देतो तशी ती, म्हणायचे.

मी गेले तेव्हा दोन हजार साल लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठलेली होती, आणि बीडच्या क्लासात जे कोबोल, कॉम्प्युटरची जुनी भाषा, शिकताना पोरं एकमेकांना 'हे कुठं लागणार बे' म्हणून हसायची, त्याच्या जोरावर मला न्यू जर्सीत नोकरी मिळाली. जुने प्रोग्रॅम उघडायचे आणि त्यातली सालं दुरुस्त करायची. काम बरं होतं. ऑफिसात क्यूबिकल, घरी अपार्टमेंट, दोन्हीकडं गालिचा, त्यामुळं आपल्या पावलाचासुद्धा आवाज यायचा नाही. पाटोद्यात स्टँडपासून दुकानापर्यंत जायचं तर हाकांना उत्तरं देत देत जावं लागे. उमे, कुठं गेलतीस? उमे, आप्पा हायेत का? तेव्हा वैताग यायचा. इथं लिफ्टमध्ये माणसं 'हाऊ आर यू' विचारायची आणि उत्तर यायच्या आत उतरून जायची. पहिले काही दिवस मी त्यांच्या मागून जाऊन सांगायचे की मी बरी आहे. एकीनं दचकून पर्सच घट्ट धरली.

मग मला 'ओसरी' सापडली. ओसरी म्हणजे ई-मेलवरचा एक ग्रुप. जगात कुठंकुठं पसरलेली मराठी माणसं त्यावर आपापल्या कविता टाकायची. कुणी पुण्यातला, कुणी मस्कतचा, कुणी जर्मनीत. फाँटची बोंब, म्हणून सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत. पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळायची, मग सवय झाली. ग्रुप सांभाळायच्या वसुधाताई. मुलाकडं कॅनडात राहणाऱ्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी दोन रीती घालून दिल्या होत्या. एक म्हणजे नुसतं 'छान' लिहून पळायचं नाही, कुठली ओळ लागली ते सांगायचं. दुसरी अशी की कुणी अडला तर त्यानं तीन ओळी टाकायच्या आणि बाकीच्यांनी त्याला चौथी सुचवायची. घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं बघायचं.

मला तर पर्वणीच मिळाली. मोडेमची कुईंकुईं संपली की मी आधी ओसरीवर. ही माणसं बघून मला नवल वाटायचं. मस्कतचा निशिकांत एका कंपनीत हिशेब तपासायचा आणि उन्हावर कविता करायचा, मस्कतमध्ये दुसरं आहे काय? त्याच्या कविता काही थोर नव्हत्या, हे तोही जाणून होता. पण तो दुसऱ्याची कविता इतकी नीट वाचायचा की लिहिणाऱ्याला वाटावं, अरे, हे मी लिहिलं होय! कुणी पहिलीच कविता टाकून 'चुकलं असेल तर माफ करा' म्हणालं की सगळे धावून यायचे. मी स्वतः अशीच भीत भीत एक टाकली, हंड्यावर नाव टाकण्याबद्दल. वसुधाताईंनी लिहिलं, "'सुईखाली नाव थरथरतं' ही ओळ मला लागली. थांबू नकोस." ती मेल मी ऑफिसात प्रिंट करून घेतली आणि क्यूबिकलच्या भिंतीला लावली. शेजारच्या बाईला वाटलं मला प्रमोशन मिळालं.

तेव्हापासून मी लिहितच सुटले. पण माणसाचं मन विचित्र असतं. मस्कत, जर्मनी, कॅनडा वाहवा म्हणतंय, आणि मला पाहिजे होतं ते पाटोद्यातल्या एका भांड्याच्या दुकानातून. आप्पा काय म्हणतात? ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या लेकी शब्दांनी वाटेला लावल्या, त्याला माझं लिहिलेलं बरं वाटतं का, एवढंच मला कळायला हवं होतं. त्याशिवाय मला माझीच कविता खरी वाटेना.

शिवा दर आठवड्याला माल आणायला बीडला जायचा. तिथं कोर्टाच्या बाजूला नवीनच इंटरनेटचं दुकान निघालं होतं. मी कविता त्याला पाठवायची, त्यानं कागदावर छापून आणायची आणि दुकानात आप्पांना वाचून दाखवायची. इंग्रजी अक्षरातली मराठी आप्पांना वाचता येत नव्हती, आणि शिवा वाचायचा ते बातम्या दिल्यासारखं. माझी शनिवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची रविवारची सकाळ. कॉलिंग कार्डावरचा आकडा खरवडून मी फोन लावायचे.

"शिवा, वाचलीस का?"

"वाचली अक्का."

"मग? आप्पा काय म्हणाले?"

"काय न्हाई. गिऱ्हाईक आलतं."

दर आठवड्याला हेच. कधी गिऱ्हाईक आलतं, कधी लाइट गेलती, कधी आप्पा 'हं' म्हणाले. 'हं' म्हणाले त्या दिवशी मी शिवाला तो 'हं' कसा होता हे इतक्या परीनं विचारलं की तो वैतागून म्हणाला, आता तो 'हं' पण छापून पाठवू का?

एकदाच त्यांनी तोंड उघडलं. मी बर्फावर एक लांबलचक कविता केली होती, ओसरीवर तिचं बरंच कौतुक झालं होतं. शिवानं ती वाचली, आणि आप्पांनी मशीन थांबवून विचारलं, "कुणासाठी हाय हे?"

शिवा म्हणाला, कुणासाठी नाही, अशीच केलीय. त्यावर आप्पांनी मशीन पुन्हा चालू केलं.

मला राग आला. कुणासाठी म्हणजे काय, कविता काय ऑर्डरवर करायची असते? रागाच्या भरात मी तो प्रश्न जसाच्या तसा ओसरीवर टाकला. वाटलं, सगळे माझ्या बाजूनं उभे राहतील. झालं भलतंच. आठवडाभर ओसरीवर दुसरा विषय नव्हता. जर्मनीतल्या एकानं लिहिलं की मी कुणासाठीच लिहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच लिहिलं की हे खोटं आहे, मी शाळेतल्या एका मुलीसाठी लिहितो, तिला कविता अजिबात आवडत नाहीत. निशिकांत म्हणाला, माझ्या खोलीतल्या पंख्यासाठी, तो बिचारा पूर्ण ऐकून घेतो. वसुधाताईंनी सगळ्यात उशिरा लिहिलं. त्यांची थोरली बहीण त्यांचं प्रत्येक लिहिलेलं वाचून त्यात एक चूक काढायची. ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही मी तिला काढायला एक चूक ठेवते, असं त्यांनी लिहिलं. मला हे वाचून रडू आलं. आप्पांवरचा राग गेला, आणि प्रश्न मात्र माझ्याकडंच राहिला. मी कुणासाठी लिहीत होते? पत्ता तर दर आठवड्याला आप्पांचाच टाकत होते, पण तो माणूस 'हं' म्हणत होता.

इकडं पाटोद्यातही दिवस पालटत होते. मंडपवाल्यांनी मोठे स्पीकर आणले आणि त्यांच्याबरोबर मंगलाष्टकांच्या कॅसेटी आल्या. त्यात सनई, तबला, बाईचा गोड आवाज, सगळं होतं. नवरीचं नाव नव्हतं, पण ते कुणाला आठवेना. व्हिडिओ शूटिंगवाला म्हणायचा, कॅसेटवर आवाज क्लिअर येतो. लोक आप्पांना आदरानं पुढच्या खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, कॅसेट हाय आप्पा, तुमी निवांत बसा. आप्पा बसायचे. मग हळूहळू त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं, आहेर घेऊन शिवाला धाडायचे. आई फोनवर म्हणाली, "मशीनवर बसत्यात, पण तोंडातनं सूर न्हाई निघत." ते ऐकून मला इथं सुचेनासं झालं. ओसरीवर अनोळखी माणसं एकमेकांना 'थांबू नकोस' म्हणत होती, आणि माझ्या घरातला माणूस थांबला होता.

मी शिवाकरवी निरोप धाडला की आप्पांनी ओसरीवर काहीतरी लिहावं, सगळे वाचतील. आप्पांनी विचारलं, त्यातल्या कुणाचं लगीन हाय का? नाही म्हटल्यावर विषय संपला.

त्याच सुमारास माझी नोकरी बदलली आणि मला दुसऱ्या राज्यात जायचं होतं. सामान खोक्यांत भरलं होतं, तांब्या तेवढा वर ठेवला होता. त्या रिकाम्या अपार्टमेंटात बसून तीन ओळी आल्या आणि चौथी येईना. रीतीप्रमाणं मी त्या ओसरीवर टाकल्या.

*पोचेपर्यंत वाटेत पाणी असू दे.*
*कुणी हाक मारलीच तर ती ओळखीची असू दे.*
*सहज दारात यावं कुणीतरी, नुसतं बोलायला.*

चौथ्या ओळी ढिगानं आल्या. कुणी चंद्र आणला, कुणी आईचा हात आणला. निशिकांतनं लिहिलं, 'नाहीतर निदान केबल टीव्ही असू दे.' एकही बसेना. वसुधाताईंनी ओळ दिली नाही, तिसरी ओळ लागली एवढंच कळवलं. मी शिवालाही त्या तीन ओळी पाठवल्या, आणि रविवारी विचारलं. शिवा म्हणाला, "आप्पांनी परत वाचाय लावलं."

"मग?"

"मग परत एकदा वाचाय लावलं. मग गिऱ्हाईक आलं."

पुढं काहीच नाही. मी नवीन गावात गेले, नवीन क्यूबिकल, नवीन गालिचा. कविता तीन ओळींवरच पडून राहिली.

आणि लताचं लग्न निघालं. तीच, विमानाची खिडकी विचारणारी. समोरच्या घरची मुलगी म्हटल्यावर आप्पांना जाणं भाग होतं. मंडपाला जागा म्हणून स्टँडमागचं मैदान, स्पीकर, कॅसेट, शूटिंगवाला, सगळा थाट. पुढचं मी शिवाकडून, आईकडून आणि नंतर खुद्द लताकडूनही ऐकलंय, आणि तिघांचं जिथं जुळतं तेवढंच सांगते.

नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली, मधे अंतरपाट धरला, हातोहात ज्वारीच्या अक्षता वाटल्या, आणि कॅसेटमधल्या बाईनं पहिलं कडवं म्हणायला घेतलं. अर्ध्यात लाइट गेली. बाईचा आवाज लांबत लांबत बुडाला. जनरेटरवाला दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. स्वामींनी घड्याळ बघितलं, मुहूर्ताला अवकाश होता. माणसं उन्हात चुळबुळ करू लागली, आणि मागून कुणीतरी हाक मारली, "आप्पा, उठा की!"

आप्पा उठले. टोपी नीट केली. कागद नाही, तयारी नाही. लताचं एक कडवं त्यांनी तिथल्या तिथं रचून म्हटलं, त्यात तिचं नाव, तिची आई, त्यांच्या दुकानातला गुळाचा वास, असं सगळं आलं. काकू अंतरपाटामागं रडायला लागल्या. पण स्वामी पंजा हलवतच होते. मग आप्पांनी वेळ काढायची कडवी काढली, डोंगरावरची, नद्यांवरची. तीही संपली. स्वामींचा पंजा हलतोच आहे. मग आप्पांनी डोळे मिटून म्हटलं,

*आहे दूर तुझे नवे घर जरी, वाटेत पाणी असो,*
*कोणी हाक तुला दिली तर तिथे ती ओळखीची असो,*
*दारी येत असो कुणी सहज गे, बोलायला माणसे,*
*जेथे जाय उमा तिथे घर असो, कुर्यात् सदा मंगलम्.*

नेमका तेव्हाच स्वामींचा हात खाली आला. 'सावधान' झालं, ताशा वाजला, आणि सगळ्या मंडपानं अक्षता टाकल्या.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. उमा? नवरीचं नाव तर लता. नवऱ्याकडच्या एका पाहुण्यानं मोठ्यानं विचारलं, ही उमा कोण? आप्पा डोळे उघडून उभेच. शिवा सांगतो, एवढे ओशाळलेले आप्पा त्यानं कधी बघितले नव्हते. सगळी हयात ज्यानं नाव चुकवलं नाही, त्यानं भर मंडपात, दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर आपल्या लेकीचं नाव टाकलं होतं. ते काकूंपुढं जाऊन हात जोडायला लागले. म्हणाले, "चूक झाली वहिनी. तोंडात तेच बसलतं." काकूंनी त्यांचे हात धरले. आणि लता, हार गळ्यात, मुंडावळ्या सरकलेल्या, मोठ्यानं म्हणाली, "असू द्या आप्पा. उमाताईची ओटी पण आमीच भरलती."

त्या रविवारी फोन शिवानं उचलला आणि 'हॅलो'च्या आधीच सगळं सांगून टाकलं. कडवं त्याला पाठ नव्हतं, ते त्यानं शूटिंगवाल्याच्या बॅटरीवर चाललेल्या कॅमेऱ्यातून उतरवून आणलं होतं, ते बातम्या दिल्यासारखं वाचलं. मी खाली गालिच्यावरच बसले. वर तो म्हणतो कसा, "अक्का, अक्षता तर पडल्या तुझ्या नावावर. आता नवरा तेवढा बघायचा राहिला."

मग आईनं फोन घेतला. मी तिला विचारलं, हे त्यांनी मंडपात रचलं का? आई म्हणाली, "कुठलं मंडपात? तू त्या तीन ओळी धाडल्यापासनं मशीनवर तेच चाललतं. आमाला वाटलं कुणाची तरी ऑर्डर आली."

म्हणजे जेव्हा मी 'काय म्हणाले, काय म्हणाले' म्हणून शिवाचा जीव खात होते, तेव्हा आप्पा माझ्या ओळींना आपल्या चालीत बसवत होते. हंडा-परातींवर दुसऱ्यांची नावं टाकत, घुर्र घुर्र आवाजात. 'असू दे'चं 'असो' केलं, 'नुसतं' काढून टाकलं, आणि जी चौथी ओळ अख्ख्या ओसरीला सापडली नाही ती करून ठेवली. मला सांगितली मात्र नाही. लाइट गेली नसती तर मला ती कधी कळलीही नसती. किती आनंद झाला म्हणून सांगू? मी त्या परक्या गावातल्या घरात मोठमोठ्यानं रडले आणि मधेच हसले.

आई म्हणाली, देऊ का त्यांच्याकडं? मी म्हटलं दे. आप्पा फोनवर आले की आधी काही वेळ नुसता श्वास ऐकू येतो, बटण दाबायचं असतं की काय असं त्यांना अजून वाटतं. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून त्यांचाच प्रश्न निघाला.

"आप्पा, कुणासाठी हाय हे?"

तिकडून खाकरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ठेव आता. गिऱ्हाईक आलंय." रविवारी सकाळी आमचं दुकान बंद असतं.

ओसरीवर मी सगळं लिहिलं आणि शेवटी ते कडवं टाकलं. मग वसुधाताईंची एका ओळीची मेल आली. कुठली ओळ लागली ते त्यांनी सांगितलं नव्हतं, स्वतःचीच रीत मोडून त्यांनी विचारलं होतं की आप्पा अजून ऑर्डरी घेतात का. निशिकांतचं लग्न ठरलं होतं. आप्पांनी शिवाकडून उलट टपाली विचारलं, मुलगी कुठली, घरात तिला काय म्हणतात, आणि मस्कतमध्ये पाणी किती लांब हाय. निशिकांतनं सगळ्याची उत्तरं दिली. पाण्याबद्दल त्यानं लिहिलं की समोर समुद्र आहे पण पिता येत नाही. आप्पांनी तेही कडव्यात घेतलं. मग जर्मनीहून ऑर्डर आली. आई म्हणते, मशीनचा आवाज आता परत सुरात येतो.

ओसरी पुढं बंद पडली. फाँट आले, नव्या जागा आल्या, माणसं पांगली. मीही पुष्कळ गावं बदलली. लग्न केलं, रजिस्टर पद्धतीनं, मंगलाष्टकं नव्हती. एका मैत्रिणीनं विचारलं, वाईट नाही वाटत? मी म्हटलं, माझ्या अक्षता आधीच पडल्यात, आणि मग ही सगळी गोष्ट तिला सांगत बसले.

नवीन घर घेतलं की मी आप्पांना फोन करते. त्यांना घर किती मोठं, केवढ्याचं, ह्यात रस नसतो. श्वास झाला की ते विचारतात, पाणी कसं हाय? मी म्हणते, चांगलं आहे, नळ सोडला की येतं. हाक मारणारं हाय का कुणी? मी म्हणते, शेजारी एक गुजराती आजी आहेत, उमाबेन म्हणतात. दारात येतं का कुणी बसाय-उठाय? मी म्हणते, येतात आप्पा, चहा ठेवावा लागतो.

मग ते 'हं' म्हणतात. चौथं काही विचारत नाहीत. मीही तांब्या भरते, नाव बाहेरच्या बाजूला करून ओट्यावर ठेवते आणि राहायला लागते.